तेल सुटेपर्यंत : नागपूरच्या कढईत बीजिंगचे खिमा-नूडल्स

नागपुरात चायनीज म्हटले की संध्याकाळच्या गाडीवर मोठ्या आचेवर उडणारी कढई, कोबी-गाजराचे लांबट काप, लालभडक शेजवान आणि वरून व्हिनेगरचा शिडकावा हेच चित्र डोळ्यांसमोर येते. या लेखात सांगितलेला पदार्थ त्या घराण्यातला नाही. तो बीजिंगच्या घराघरांत होणारा, अगदी रोजचा पदार्थ आहे. त्याचे नाव झाज्यांगम्येन. ‘झा’ म्हणजे तेलात तळणे, ‘ज्यांग’ म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची घट्ट, खारट पेस्ट आणि ‘म्येन’ म्हणजे गव्हाच्या नूडल्स. या नूडल्स कढईत परतल्या जात नाहीत. त्या नुसत्या उकडून वाडग्यात घ्यायच्या, त्यावर दोन पळ्या खिम्याचा गडद सॉस घालायचा, बाजूने काकडी-मुळ्याचे काप मांडायचे आणि खाणाऱ्याने आपल्या हाताने सगळे कालवून घ्यायचे, अशी त्याची रीत आहे.

हा पदार्थ नवशिक्यांना सुचवण्यामागे माझे एक कारण आहे. मसाल्याला तेल सुटले की नाही, हे ज्याला कढईच्या आवाजावरून कळते, त्याला यातले सर्वांत अवघड काम आधीच येत असते, आणि सावजी रश्श्याच्या या गावात ही जाण बहुतेक घरांत असते. नवीन शिकायचे ते एवढेच की मीठ, मसाला आणि आच या तिन्ही बाबतींत हात कुठे आखडता घ्यायचा. कोंबडीचा खिमा असेल तर अर्ध्या तासात आणि मटणाचा असेल तर पाऊण तासापेक्षा थोड्या जास्त वेळात चार माणसांचे जेवण तयार होते.

आधी पेस्टचा प्रश्न

सगळी चव ज्या वस्तूवर उभी आहे, नेमकी तीच वस्तू आपल्या किराणा दुकानात मिळत नाही. बीजिंगमध्ये या सॉससाठी सोयाबीन आंबवून केलेली तपकिरी पेस्ट वापरतात, आणि अनेक घरांत तिच्यात गव्हाच्या पिठापासून आंबवलेली गोडसर पेस्टही मिसळतात. विदर्भात सोयाबीन कापसाइतकेच ओळखीचे पीक असूनही ते आंबवून खाण्याची रीत आपल्याकडे नाही, त्यामुळे शेतात सोयाबीन आणि दुकानात त्याचे फक्त तेल आणि वडी, अशी गंमत आहे.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे परदेशी सामान ठेवणाऱ्या मोठ्या दुकानातून किंवा ऑनलाइन मागवून चिनी सोयाबीन पेस्ट आणणे. ती न मिळाल्यास कोरियन द्वेनजांग किंवा जपानी मिसो आणावी. या दोन्ही पेस्टही आंबवलेल्या सोयाबीनच्याच असतात. मिसो फिकट आणि काहीशी गोड असते, द्वेनजांग उग्र असते, आणि दोहोंपैकी कोणतीही वापरली तरी रंगासाठी एक मोठा चमचा डार्क सोया सॉस घालावा लागतो. एकदा आणलेला डबा फ्रिजमध्ये कित्येक महिने टिकतो, म्हणून किंमत जरा जास्त वाटली तरी तो खर्च वाया जात नाही.

दुसरा मार्ग होइसिन सॉसच्या बाटलीचा आहे. ही बाटली तुलनेने सहज मिळते, परंतु होइसिनमध्ये साखर आणि लसूण आधीच भरपूर असल्यामुळे केवळ त्याच्यावर केलेला सॉस गुळचट होतो. ते वापरायचेच असेल तर दोन मोठे चमचे होइसिन आणि दोन मोठे चमचे सोया सॉस असे प्रमाण धरावे आणि पुढे कृतीत सांगितलेला गूळ पूर्ण वगळावा.

तिसरा मार्ग घरच्या सोयाबीनचा आहे. तो आंबवलेल्या पेस्टची बरोबरी करीत नाही, पण काही न मिळाल्यास उपयोगी पडतो. पाव वाटी सोयाबीन रात्रभर भिजवून, पाणी बदलून, कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या काढाव्यात आणि मग बारीक आचेवर आणखी पंधरा मिनिटे ठेवावे. दाणा दोन बोटांत सहज चिरडला गेला पाहिजे, कारण अर्धवट शिजलेले सोयाबीन पोटाला बाधते. हे दाणे जाडसर ठेचून त्यात तीन मोठे चमचे डार्क सोया सॉस, एक मोठा चमचा लाइट सोया सॉस आणि दोन लहान चमचे किसलेला गूळ मिसळावा. मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटू नये. दाण्याचे कण तोंडात लागले तरच खिम्यासोबत त्याचे जमते.

सोया सॉसच्या बाबतीतही बाटली उचलण्याआधी एवढे पाहावे की लाइट म्हणजे पातळ आणि जास्त खारट, तर डार्क म्हणजे दाट, रंगाला गडद आणि चवीला किंचित गोडसर. पहिला चवीसाठी असतो आणि दुसरा मुख्यतः रंगासाठी. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, त्यामुळे ज्यांना गहू किंवा सोयाबीन चालत नाही त्यांच्यासाठी हा पदार्थ नाही.

खिमा कोणता आणि कसा आणावा

मूळ पदार्थात डुकराचे मांस असते आणि तेही चरबीसकट, कारण तळल्यावर सुटलेली ती चरबीच सॉसला चकाकी देते. नागपुरात ज्यांच्या घरी ते चालते त्यांनी जरूर वापरावे. बाकीच्यांनी मटणाचा खिमा घ्यावा, आणि मटणवाल्याला तो रानेचा, म्हणजे मांडीचा, निव्वळ कोरडा खिमा न देता खांद्याच्या बाजूचा, थोडी चरबी ठेवून देण्यास सांगावे. यंत्रातून दोनदा काढलेला खिमा लगदा होतो. शक्य असेल तर सुऱ्याने ठोकून, हरभऱ्याच्या डाळीएवढे कण राहतील असा जाडसर खिमा मागावा. मोमिनपुऱ्यात किंवा आपल्या नेहमीच्या दुकानात हातचा खिमा हवा म्हणून सांगितले की गर्दीच्या वेळी जरा कुरकुर होते खरी, पण सकाळी लवकर गेल्यास तो मिळतो.

मे महिन्यात जेथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेथे खिमा पिशवीत घालून आणखी चार कामे उरकत फिरणे योग्य नाही. खिम्यात मांसाचा पृष्ठभाग वाढलेला असतो, त्यामुळे तो अखंड तुकड्यांपेक्षा लवकर बिघडतो. बाहेर ३२ अंशांहून अधिक तापमान असेल तर कच्चे किंवा शिजवलेले मांस तासाभरापेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. खिमा सर्वांत शेवटी घ्यावा, थेट घरी आणावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि त्याच दिवशी शिजवावा. खिमा धुवायचाच असेल तर बारीक चाळणीत धरून एकदाच पाणी सोडावे आणि दाबून निथळावे, कारण ओला खिमा कढईत परतण्याऐवजी उकडतो.

कोंबडीचा खिमा लवकर शिजतो, मात्र त्याला स्वतःची चरबी फारशी नसते, म्हणून त्याच्यासाठी तेल एक मोठा चमचा जास्त धरावे. श्रावणात किंवा वाराच्या दिवशी सोयाबीन वडीचा चुराही चालतो. तो गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून, घट्ट पिळून, पिळलेले पाणी टाकून देऊन वापरावा, नाही तर त्याचा विशिष्ट वास सॉसभर राहतो.

नूडल्स

दुकानात हक्का नूडल्स या नावाने जी पाकिटे मिळतात ती येथे चालतात. हक्का हे नाव कोलकात्यात वसलेल्या हक्का चिनी समाजावरून आले आहे आणि त्याचा बीजिंगशी संबंध नाही, पण नूडल्स गव्हाच्याच असल्यामुळे काही बिघडत नाही. पाकिटांत निवड असेल तर सर्वांत जाड आणि चपट्या घ्याव्यात. सॉस जड असल्यामुळे केसासारख्या बारीक नूडल्स त्याच्या भाराने एकमेकींना चिकटून गोळा होतात. दोन मिनिटांत होणाऱ्या पाकिटातल्या वड्या अडचणीला वापरता येतात, मात्र त्यांचा मसाला बाजूला ठेवावा.

सवड असेल त्यांनी घरी कराव्यात. ज्या घरात वरणफळे लाटली जातात त्या घरात हे काम नवे नाही. ३०० ग्रॅम मैदा, अर्धा लहान चमचा मीठ आणि साधारण १४० मिलिलिटर पाणी घेऊन पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट गोळा मळावा. सुरुवातीला तो तडकलेला आणि कोरडा दिसतो. तेव्हा पाणी वाढवू नये, अर्धा तास ओल्या फडक्याखाली झाकून ठेवावा आणि पुन्हा मळावा, म्हणजे तोच गोळा गुळगुळीत होतो. दोन मिलिमीटर जाडीची मोठी पोळी लाटून, दोन्ही बाजूंना कॉर्नफ्लोअर भुरभुरून, साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या घालून, धारदार सुरीने अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात आणि लगेच हाताने मोकळ्या कराव्यात. उकळत्या पाण्यात त्या तीन-चार मिनिटांत शिजतात.

चौघांसाठी प्रमाण

सुक्या नूडल्स ४०० ग्रॅम, किंवा वरच्या प्रमाणाच्या दीडपट पिठाच्या ताज्या नूडल्स लागतात. खिमा ३०० ग्रॅम, सोयाबीन पेस्ट चार मोठे सपाट चमचे, डार्क सोया सॉस एक मोठा चमचा, किसलेला गूळ किंवा साखर दोन लहान चमचे, तेल पाच मोठे चमचे, आले अंगठ्याच्या एका पेराएवढे, लसणाच्या सहा पाकळ्या, पातीचे कांदे सहा, चक्रफूल एक आणि पाणी साधारण दीड वाटी. घरची पेस्ट केली असेल तर ती सगळी वापरावी आणि सोया सॉस व गूळ पुन्हा घालू नये. तेल फल्लीचे असेल तर उत्तम, नाही तर सोयाबीनचे चालते. जवसाचे तेल मात्र येथे नको, कारण त्याचा वास पेस्टच्या वासावर कुरघोडी करतो. वेगळे मीठ या यादीत नाही, आणि ते विसरून राहिलेले नाही.

चक्रफूल पाहून सावजी मसाला आठवेल. ते बीजिंगच्या अनेक घरांतही या सॉसमध्ये पडते, पण तेथे ते एकटेच असते. दगडफूल, खसखस, सुके खोबरे, धणे, गरम मसाला यांपैकी काहीही घालू नये. कोथिंबीर, म्हणजे आपला सांबार, वरून भुरभुरण्याचा मोह होतो, तोही आवरावा. हिरवेपणासाठी कांद्याची पात पुरेशी असते.

आधी भाज्या, मग कढई

चिनी स्वयंपाकात शेगडी पेटण्याआधी सगळे चिरून ठेवलेले असते, आणि या पदार्थात तर ते फारच सोयीचे पडते, कारण सॉस एकदा चढला की झारा हातातून सोडता येत नाही. काकडी सालासकट आगपेटीच्या काडीएवढी लांबट चिरावी. मुळा तसाच चिरावा. कोबीचे बारीक काप आणि लांब मोड आलेले मूग उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच थंड पाण्यात काढावेत आणि निथळावेत. बीजिंगमध्ये या ताटात उकडलेले हिरवे सोयाबीनही असते. आपल्याकडे हिवाळ्यात कॉटन मार्केटमध्ये तुरीच्या शेंगांचे ढीग लागतात तेव्हा मी त्या जागी तुरीचे सोले मिठाच्या पाण्यात उकडून घालतो, आणि माझे मत असे की ते मूळ दाण्यांपेक्षा कणभरही कमी पडत नाहीत. उन्हाळ्यात हे मिळत नाही, तेव्हा काकडी दुप्पट घ्यावी. सॉस खारट आणि तेलकट असल्यामुळे कच्च्या, पाणीदार भाजीविना तो चार घासांनंतर जड होतो. भाज्या नुसत्या सजावटीच्या नाहीत, म्हणून प्रत्येकी एक मूठभर तरी धराव्यात.

आता पेस्ट एका वाटीत घेऊन तिच्यात अर्धी वाटी पाणी थोडे थोडे घालत चमच्याने एकजीव करावी. ही पायरी वगळून घट्ट पेस्ट थेट तेलात टाकली तर ती तळाशी चिकटते आणि आतून कच्ची राहून बाहेरून करपते. सरसरीत, भज्यांच्या पिठाइतकी पातळ झाली की डार्क सोया सॉस तिच्यातच मिसळून ठेवावा.

सॉस

जाड बुडाची कढई मध्यम आचेवर तापवून तेल घालावे आणि तेलात चक्रफूल टाकावे. त्याचा वास येऊ लागला की खिमा घालून सराट्याने मोकळा करीत राहावे. पहिली चार-पाच मिनिटे खिम्यातून पाणी सुटते, कढईत करड्या रंगाचे पाणी दिसते आणि नवशिक्याला वाटते की काही तरी चुकले. काही चुकलेले नसते. ढवळत राहावे. पाणी आटले की रटरट थांबून तडतड सुरू होते, कण वेगळे होतात आणि त्यांच्या कडा तपकिरी दिसू लागतात. येथपर्यंत आल्याशिवाय पुढचे काही घालू नये. खिमा करड्या रंगावर असतानाच पेस्ट ओतली तर सॉसला मांसाचा कच्चट वास राहतो आणि तो नंतर कशानेही जात नाही.

मग बारीक चिरलेले आले आणि पातीच्या कांद्याचा अर्धा पांढरा भाग घालून मिनिटभर परतावे. खिमा मटणाचा असेल तर आता एक वाटी गरम पाणी घालून, झाकण ठेवून, बारीक आचेवर पंधरा ते वीस मिनिटे शिजू द्यावा. एक कण चावून पाहावा, तो रबरासारखा लागत असेल तर आणखी पाच मिनिटे द्यावीत. शिजल्यावर झाकण काढून पाणी आटवावे आणि पुन्हा तडतड ऐकू येईपर्यंत परतावे. कोंबडीच्या खिम्याला या वेगळ्या शिजवण्याची गरज नाही.

आता आच बारीक करून पातळ केलेली पेस्ट ओतावी, आणि येथून पुढची दहा-बारा मिनिटे कढईपासून हलू नये. आरंभी सॉस मोठ्या बुडबुड्यांनी खदखदतो आणि वर वाफ धरतो. हा पाण्याचा आवाज असतो. पाचेक मिनिटांनी बुडबुडे लहान आणि दाट होतात, वाफ कमी होते, रंग विटकरीकडून चिंचेच्या कोळाकडे जातो आणि सराटा फिरवल्यावर त्याच्या मागे कढईचे बूड क्षणभर उघडे दिसते. त्यानंतर कडेने पातळ, स्वच्छ तेलाची रेघ दिसू लागते आणि कच्च्या पेस्टचा आंबूस वास जाऊन भाजलेल्या दाण्यांसारखा खमंग वास येतो. हेच ते तेल सुटणे. सावजीच्या मसाल्यात जी खूण पाहतो तीच येथे पाहायची, फक्त आच निम्मी ठेवायची, कारण पेस्टमधले पीठ आणि साखर कांदा-खोबऱ्यापेक्षा फार लवकर करपतात. तेल सुटण्याआधीच तळ धरू लागला तर दोन चमचे पाणी शिंपडून खरवडून घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

तेल दिसले की गूळ, बारीक चिरलेल्या चार लसूण पाकळ्या आणि कांद्याचा उरलेला पांढरा भाग घालून दोन मिनिटे परतावे आणि आच बंद करावी. लसूण मुद्दाम शेवटी घालायचा असतो. आरंभी घातला तर पंधरा-वीस मिनिटांत त्याचा वास मरून जातो. तयार सॉस शेवग्याच्या पातळ भाजीसारखा वाहता नसावा आणि चटणीसारखा कोरडाही नसावा. चमचा तिरका केल्यावर त्याने सावकाश, गोळ्यागोळ्याने घसरावे. काही जण घट्टपणासाठी कॉर्नफ्लोअरचे पाणी घालतात. मला ते पटत नाही, कारण त्याने सॉस घट्ट दिसतो पण आटलेला नसतो, आणि वाडग्यात कालवताना चिकटा होतो.

मिठाविषयी एक स्वतःचा अनुभव सांगतो. पहिल्यांदा हा सॉस केला तेव्हा सवयीने खिमा परततानाच हात मिठाच्या डब्याकडे गेला आणि दीड चमचा मीठ पडले. पेस्टमध्ये आणि सोया सॉसमध्ये मीठ असतेच, त्यात सॉस आटल्यावर ते आणखी घट्ट झाले. त्या दिवशी शेजारच्या काकू जेवायला होत्या. त्यांनी एक घास घेतला, पाण्याचा गडू जवळ ओढला आणि म्हणाल्या, “बाप्पा, मसाला टाकाचा विसरला न् मीठ दोनदा टाकलं काय रे?” त्यांचे पहिले म्हणणे चूक होते, दुसरे सोळा आणे खरे होते. त्या सॉसमध्ये नंतर आणखी पाव किलो बिनमिठाचा खिमा परतून घालावा लागला, तेव्हा कुठे तो खाण्याजोगा झाला. तेव्हापासून मी सॉसची चव एकट्या चमच्याने ठरवत नाही. एका नूडलला थोडा सॉस आणि काकडीचा काप लावून तो घास खाऊन पाहतो. नुसता चाखला तर हा सॉस जरा जास्तच खारट लागला पाहिजे, कारण नूडल्समध्ये आणि भाज्यांत फारसे मीठ नसते.

नूडल्स उकडणे आणि वाढणे

सॉसला तेल सुटण्याच्या बेतात असताना शेजारच्या शेगडीवर पाणी ठेवावे. १०० ग्रॅम नूडल्सना एक लिटर पाणी लागते, म्हणजे चौघांसाठी चार लिटर. नागपुरी घरात ज्याला गंज म्हणतात तसा मोठा गंजच हवा. कमी पाण्यात नूडल्स टाकल्या की पाणी थंड पडते, पिठाची पेज होते आणि नूडल्स चिकटतात. पाण्यात तेल घालण्याची सवय अनेकांना असते, पण तेलाचा थर बसलेल्या नूडल्सवरून सॉस घसरतो, म्हणून ते टाळावे. पाणी खळखळून उकळल्यावर नूडल्स सोडाव्यात, पहिले अर्धे मिनिट लांब चमच्याने किंवा चिमट्याने हलवाव्यात आणि पाकिटावर सांगितलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी एक तोडून पाहावी. मध्यभागी पांढरा कच्चा ठिपका नुकताच गेलेला असेल तर त्या झाल्या.

पुढे ऋतूप्रमाणे दोन रीती आहेत, आणि त्या दोन्ही बीजिंगच्याच आहेत. हिवाळ्यात तेथे नूडल्स गंजातून थेट वाडग्यात काढून वाफाळत्या खातात. उन्हाळ्यात त्याच नूडल्स थंड पाण्यातून काढून, निथळून, गार करून घेतात आणि वर गरम सॉस घालतात. आपल्याकडे मार्च ते जूनपर्यंत ही दुसरी रीत पाळावी, हे वेगळे सांगायला नको. थंड पाणी पिण्याचेच, शक्य तर माठातले घ्यावे, कारण या नूडल्स पुन्हा शिजणार नसतात, आणि चाळणी चांगली झटकून पाणी काढावे, नाही तर सॉस पातळ होतो. गरम खायच्या असतील तर उकडल्याचे वाटीभर पाणी बाजूला ठेवावे. कालवताना घट्ट वाटल्यास त्यातले दोन चमचे पुरतात.

वाडगे खोलगट घ्यावेत. तळाशी नूडल्स, मध्यावर दोन भरलेले मोठे चमचे सॉस, त्याच्याभोवती काकडी, मुळा, कोबी, मूग आणि सोले यांचे छोटे ढीग, आणि वर कांद्याची हिरवी पात. सॉस आधीच फार ओतू नये, वाटीत मध्ये ठेवावा आणि ज्याचे त्याने वाढून घ्यावे. बीजिंगमध्ये या नूडल्ससोबत कच्च्या लसणाची पाकळी चावून खातात. सावजी ताटात कच्चा कांदा फोडून घेणाऱ्याला याचे आश्चर्य वाटणार नाही, परंतु सकाळी कार्यालयात जायचे असेल तर राहिलेल्या दोन पाकळ्या ठेचून चमचाभर व्हिनेगरमध्ये घालाव्यात आणि ते थेंब वर सोडावेत.

तिखटाचे काय

हा प्रश्न नागपुरात येणारच. मूळ सॉस तिखट नसतो, आणि पहिल्या खेपेस तो तसाच खाऊन पाहावा असा माझा आग्रह आहे. नंतर ज्याला हवे त्याने मिरचीचे तेल वेगळे करावे. दोन मोठे चमचे जाडसर कुटलेली भिवापुरी मिरची स्टीलच्या कोरड्या वाटीत घ्यावी, अर्धी वाटी तेल धूर निघेपर्यंत न तापवता चांगले गरम करावे, दोन मिनिटे थांबावे आणि मग मिरचीवर थोडे थोडे ओतावे. मिरची फसफसून लाल व्हावी, काळी पडू नये. हे तेल वाडग्यात चमचाभर घातले की तर्रीची सवय असलेल्या जिभेचे समाधान होते. चीनच्या सिच्वान प्रांतातल्या खिम्याच्या नूडल्स, ज्यांना दानदान म्हणतात, त्यांत असे तेल मुळातच असते. कावडीला लटकवून त्या विकल्या जात, आणि ‘दान’ म्हणजे ती कावडच. त्यात पडणारी जीभ बधिर करणारी मिरी आपल्या कोकणातल्या तिरफळाच्या कुळातली आहे. पण तो वेगळा पदार्थ झाला. त्याचे तेल येथे उसने घ्यावे, बाकीचा मसाला नको.

कोरियात या नूडल्स आणखी काळ्या आणि गोड झालेल्या आढळतात. शानतुंग प्रांतातून इंचन बंदरात गेलेल्या चिनी लोकांनी त्या तेथे नेल्या, आणि कॅरमेल घातलेल्या काळ्या पेस्टमुळे त्यांना तो रंग आला. ऑनलाइन पेस्ट मागवताना चुनजांग नावाची पेस्ट हाती आली तर ती हीच. ती आधी तेलात वेगळी तळून घ्यावी लागते, नाही तर कडवट लागते, आणि तिच्या सॉसमध्ये बटाट्याच्या फोडी व कांदाही घालतात.

उरले तर

नूडल्स माणशी मोजूनच उकडाव्यात, कारण उरलेल्या नूडल्स दुसऱ्या दिवशी गोळा होतात. सॉस मात्र मुद्दाम दुप्पट करावा. गार होताच, उन्हाळ्यात तर तासाभराच्या आत, तो काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा. तीन-चार दिवस तो चांगला राहतो, आणि बर्फाच्या कप्प्यात दोन महिने. पुन्हा गरम करताना दोन चमचे पाणी घालून खदखदू द्यावा आणि कडेला तेल परत दिसले की उतरवावा. आमच्या घरी दुसऱ्या दिवसापर्यंत तो फार क्वचित उरतो, आणि उरला तर नूडल्सची वाट न पाहता सकाळच्या ज्वारीच्या भाकरीवर, वर चिरलेला मुळा घालून, संपतो.